टिकलीएवढं ग्रीस

धुकं सलग नऊ दिवस हललं नाही. बटाट्याच्या पानांना आधी कडेकडेने काळे ठिपके पडले, मग ते ठिपके एकमेकांना जाऊन भिडले, आणि दहाव्या दिवशी सगळ्या रानातून कुजल्याचा वास यायला लागला. करपा आला की फवारणीवाल्यांना मरायला फुरसत नसते. दर चौथ्या दिवशी तेच रान, तोच पंप आणि तीच पाठ.

मुकादमाच्या टोळीत सात जोड्या होत्या. जोडी म्हणजे एक जण पाठीवर पंप घेऊन सऱ्यांमधून चालणारा आणि एक जण बांधावर ड्रमपाशी, पाणी ओढणारा, औषध कालवणारा. एकट्याला काम मिळत नसे. एकट्यानेच पंप उतरवायचा, भरायचा आणि पुन्हा चढवायचा म्हटलं तर अर्धा दिवस बांधावरच जातो. जोडी नाही तर पंप नाही, हा मुकादमाचा कायदा होता, आणि तो त्याने सख्ख्या भावालाही लावला होता.

सहा जोड्या नवरा-बायकोच्या नाहीतर भावा-भावाच्या होत्या. सातवी जावई आणि सासूची होती.

जावयाला टोळीत मुक्या म्हणत. तोंडात जीभ होती, पण ती चालवायची त्याला सवय नव्हती. लग्न झाल्यावर होती तेवढीही मोडली, कारण त्याच्या वाटणीचं बोलणं बायकोच बोलून टाकायची. दुकानदाराशी तीच, मुकादमाशी तीच, शेजाऱ्यांशी भांडायचं तरी तीच. तो मागे उभा राहून मान हलवायचा. उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या छातीत पाणी झालं. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. बाराव्या दिवशी त्याने तिला घरी आणलं ते पांढऱ्या कापडात.

सासू चार वर्षांपासून त्यांच्याकडेच राहत होती. मुलाचं घर शहरात तिसऱ्या मजल्यावर होतं आणि तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. मुलगी गेल्यावर मुलगा तिला न्यायला आला. आता जावयाच्या घरी कुणाच्या नात्याने राहायचं, असं तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सासू म्हणाली, आधी हंगाम होऊ दे. पुढच्याच आठवड्यात ती मुलीच्या जागी ड्रमपाशी जाऊन उभी राहिली.

मुकादमाने हरकत घेतली होती. म्हातारी बहिरी आहे हे त्याला माहीत होतं. उजव्या कानामागे तिचं यंत्र असायचं, शेंगदाण्याहून थोडं मोठं, कातडीच्या रंगाचं. मुकादमाने परीक्षा घ्यायची म्हणून पाठ फिरवली आणि हळूच म्हणाला, "आजी, ड्रममध्ये साप आहे."

"मग तूच काढ," सासू म्हणाली. "मी म्हातारी बाई."

टोळी हसली आणि जोडी पक्की झाली. लंब्या म्हणून एक पंपवाला होता, त्याने तिथल्या तिथे जोडून दिलं, "एक बोलत नाही, एकीला ऐकू येत नाही. ह्यांचं भांडण व्हायचं कसं?" पुढे महिनाभर रोज कुणी ना कुणी हे वाक्य म्हणत असे, आणि रोज कुणी ना कुणी हसत असे.

मेहुण्याने जाताना मुक्याला बाजूला घेतलं होतं. "दाजी, यंत्र चालतंय तोवर माझं काही म्हणणं नाही. पण ते बंद पडलं तर मी आईला घेऊन जाणार. रानात ट्रॅक्टर फिरतात, औषधं असतात. तिथे बहिरं माणूस मी ठेवणार नाही." मुक्याने मान हलवली.

सासू घरात राहावी असं त्याला का वाटत होतं, हे त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाला असता, जोडीसाठी. ते खरंही होतं. पण सकाळी स्वयंपाकघरातून भांडं खाली ठेवल्याचा आवाज यायचा. आधी कड टेकायची आणि मग बूड, असे दोन आवाज. बायको भांडं तसंच ठेवायची. खोकलाही दोघींचा एकच. डोळे मिटून पडून राहिलं तर काही वेळ घर होतं तसंच वाटायचं. सासूला हे माहीत नव्हतं. तिला तिच्या भांड्यांचा आवाज ऐकू येत नव्हता, कारण सकाळी उठल्याउठल्या ती यंत्र लावत नसे.

धुक्याच्या दुसऱ्या आठवड्यात मुक्याचा पंप रुसला. बॅटरीचा पंप, पाठीवर डबा आणि डब्याच्या तळाशी बॅटरी. सरीच्या मध्यावर गेलं की घरघर मंद व्हायची, फवारा गळून थेंब थेंब पडायचा, आणि मग सगळंच गप्प. मुक्या मागे हात नेऊन डब्यावर थाप मारायचा. पंप दहा पावलं चालायचा आणि पुन्हा गप्प. बाकीचे त्याच्यापुढे तीन-तीन सऱ्या निघून गेले.

"थोपटून निजवतोयस काय रे त्याला?" मुकादम बांधावरून म्हणाला. "अंगाईपण म्हण."

सासूने ते ऐकलं आणि ओठ घट्ट मिटले. पंप भरताना ती जावयाला म्हणाली, "बापू, ह्याला उघडून बघा एकदा. ती असती तर मुकादमाला चार शब्द सुनावले असते."

दुपारच्या सुट्टीत त्याने डब्याचा तळ उघडला. बॅटरीच्या दोन पितळी पात्यांवर हिरवट पांढरा थर चढला होता. ओल आणि औषधाची वाफ मिळून पितळ खात होती. वायरीच्या टोकाचा चिमटा पात्यावर बसत होता, पण बसूनही धरत नव्हता. मुक्याने पातं काचकागदाने घासलं. त्या दिवशी पंप चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हिरवं.

बाजाराच्या दिवशी तो मोटार वाइंडिंगवाल्याकडे गेला. म्हातारा माणूस, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्याने चिमटा बघितला, हुं केलं आणि फळीवरून एक चपटी डबी काढली. आत काळं ग्रीस होतं, उजेडात धरलं की किंचित चमकणारं. साधं ग्रीस करंट अडवतं, हे करंट धरतं, त्याने सांगितलं. ह्यात तांब्याची बारीक पूड आहे. दोन धातू एकमेकांवर बसतात ते आपल्याला सपाट दिसतात, पण खरं तर ते चार टोकांवर टेकलेले असतात आणि मधे फटी असतात. त्या फटीत हे भरतं. ओल शिरायला जागा राहत नाही.

"पण थोडं लावायचं. टिकलीएवढं," वाइंडिंगवाला म्हणाला. "ह्या पात्याला लाव, त्या पात्याला लाव, दोघांच्या मधे सांडू देऊ नकोस. करंट आंधळा असतो. वाट दिसली की जातो, कुठे जायचं होतं ते विचारत नाही."

मुक्याने दोन्ही पाती आरशासारखी घासली, कोरडी केली आणि काडीने टिकलीएवढं ग्रीस लावलं. दुसऱ्या दिवशी पंप सुरू केला तो दुपारपर्यंत एका सुरात चालला. सरीच्या टोकाला वळताना मुक्याला स्वतःचं हसू आवरेना. त्या दिवशी तो लंब्याच्या पुढे होता.

दोन दिवसांत टोळीतल्या सगळ्यांचे पंप रुसले. धुकं काय एकट्या मुक्यासाठी पडलेलं नव्हतं. लंब्या स्वतः पंप घेऊन त्याच्या दारात आला. मग बाकीचे आले. मुक्या उंबऱ्यावर बसून एकेक पंप उघडायचा, घासायचा, पुसायचा, काडीने ग्रीस लावायचा. माणसं त्याच्यासमोर उभी राहून वाट बघत होती, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. लंब्या त्याला डॉक्टर म्हणायला लागला. मुकादम म्हणाला, बोलता येत नाही पण हात बोलतात. मुक्या एकदा तर आपणहून तीन वाक्यं सलग बोलला, ग्रीस दोन पात्यांच्या मधे का सांडायचं नाही ह्याबद्दल, आणि नंतर त्याचे कान तापले.

मग शेजारणीची विजेरी आली. दुकानातला सेलवरचा काटा आला. भिंतीवरचं घड्याळ आलं. सगळं सुरू झालं. डबी अर्धी झाली. सासू दारात बसून बघायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्या बापूंना काय येत नाही ते विचारा.

आणि मग यंत्र खरखरायला लागलं.

आधी फक्त सकाळी खरखरायचं. पुढे रानातही मधेच आवाज जायचा आणि यायचा. सेल आठवडाभर चालायचा तो तीन दिवसांत संपायला लागला. सेल बदलायचं काम पूर्वी बायको करायची. सासूच्या बोटांना तो एवढासा सेल चिमटीत धरता येत नव्हता. बायको पाकिटातून सेल काढायची, त्याच्या पाठीवरची रंगीत चिकटपट्टी सोलायची आणि सेल तळहातावर घेऊन बसून राहायची. काही करायची नाही. दाराकडे बघत बसायची. मुक्याने एकदा विचारलं होतं, काय करतेस? ती म्हणाली होती, थांब जरा. त्याने पुढे विचारलं नाही. बायकांना कधी कधी नुसतं बसावंसं वाटतं, असं त्याला वाटलं होतं. आता सेल तो बदलायचा. चिकटपट्टी काढायची की लगेच आत बसवायचा.

एका संध्याकाळी कामावरून परतताना मुकादम त्याच्या बरोबरीने चालायला लागला. आजीला आजकाल दोनदा हाक मारावी लागते, असं तो म्हणाला. आवाज चढवून नाही, साधंच. पण मुक्याला त्यातलं कळायचं ते कळलं. दोनदाचं तीनदा झालं की मुकादम मेहुण्याला फोन लावणार. नंबर त्याच्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्या डबी घेऊन उंबऱ्यावर बसला. सासूने कानामागचं यंत्र काढून त्याच्या हातात दिलं आणि समोर बसली. यंत्राचं सेलचं दार नखाएवढं होतं. त्याने ते उघडलं. आत दोन बारीक पत्र्या होत्या, त्यांवर तोच हिरवट थर. त्याला बरं वाटलं. हा रोग ओळखीचा होता. काडीला कापूस गुंडाळून त्याने पत्र्या पुसल्या. मग नवा सेल काढला, चिकटपट्टी सोलली, आणि सेल उजेडात धरला.

सेलच्या सपाट बाजूला चार भोकं होती. टाचणीच्या टोकाएवढी.

ओल इथूनच शिरत असणार, त्याच्या मनात आलं. एवढे दिवस आपण सगळ्यांचे पंप दुरुस्त केले आणि घरातलंच भोक दिसलं नाही. त्याने काडीचं टोक ग्रीसमध्ये बुडवलं. टिकलीएवढं लावायचं, हे त्याच्या हाताला पाठ झालं होतं. सेल सगळा मिळून टिकलीएवढाच होता. त्याने सपाट बाजूवर ग्रीस फिरवलं, एकेका भोकात काडीने दाबून भरलं, वरून बोट फिरवून सारखं केलं. उरलेलं पत्र्यांना लावलं. लहान लेकराला औषध घालताना माणूस धरतो तसा त्याने श्वास धरून ठेवला होता. सेल आत बसवून त्याने दार दाबलं. कडेने थोडं ग्रीस बाहेर आलं, ते त्याने अंगठ्याने पुसून काढलं.

सासूने यंत्र कानामागे लावलं. मुक्या उठून अंगणाच्या पार टोकाला गेला, पाठ फिरवली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मामी, चहा ठेवता का?"

"ठेवते की," सासू म्हणाली. "एवढं हळू बोलायला घरात कुणी निजलंय का?"

तो वळला. ती हसत होती. त्यालाही हसू आलं. त्याच्या तोंडून तिने ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

त्या दिवशी मोठ्या रानात काम होतं. धुकं कमरेपर्यंत होतं, त्यामुळे बांधावरची माणसं अर्धीच दिसत होती. मुक्याने पंप चढवला, तोंडाला फडकं बांधलं आणि सरीत शिरला. पंप एका सुरात घरघरत होता. दोन-तीन सऱ्या झाल्या असतील, तेव्हा त्याने मुकादमाला पलीकडच्या बांधावर बघितलं. मुकादम हात तोंडाशी धरून सासूला काहीतरी सांगत होता. पंपाच्या आवाजात शब्द कळले नाहीत. नंतर सगळ्यांना कळलं ते असं: बांधावर दोन पांढरे कॅन होते, सारख्याच मापाचे. लाल झाकणाचं औषध बटाट्याचं होतं. निळ्या झाकणाचं तणाचं होतं, बांधावरचं गवत जाळायचं, आणि ते चुकून ह्या ड्रमपाशी उतरवलं गेलं होतं. निळ्याला हात लावू नकोस, संध्याकाळी मी माणूस पाठवून उचलून नेतो, एवढंच मुकादम सांगत होता.

मुक्याने फक्त सासूला बघितलं. तिने मुकादमाकडे तोंड करून मान हलवली, हात जरासा वर केला. हो, हो. कळलं. मुकादम निघून गेला. मुक्याला वाटलं, बघ, एका हाकेत ऐकलं.

त्याने त्या दिवशी निळ्या झाकणाचे नऊ पंप मारले.

तिसऱ्या दिवशी रान पिवळं पडलं. करप्याचं पिवळं असं नसतं. हे सरळ रेषेत होतं, जिथून जिथून मुक्या चालला होता तिथून. शेजारच्या सऱ्या हिरव्या आणि मधला पट्टा उकळतं पाणी ओतल्यासारखा. रानाचा मालक बांधावर उभा होता आणि त्याच्या हातात एक झाड होतं, मुळासकट उपटलेलं, खाली बोराएवढे बटाटे लोंबत असलेलं. तो मुकादमाला बोलत होता आणि मुकादम ऐकून घेत होता. विष कालवायला बहिरी म्हातारी ठेवता, उद्या माणसं मरतील.

मुकादम सासूपुढे येऊन उभा राहिला. टोळी अर्धवर्तुळ करून उभी होती.

"आजी, मी तुला सांगितलं होतं की नव्हतं? निळं घेऊ नकोस म्हणून?"

सासूने त्याच्या ओठांकडे बघितलं. मग जावयाकडे बघितलं. मुक्याने तोंड उघडलं. काय बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं, पण काहीतरी बोलायला हवं होतं. मामी तीन महिने ड्रमपाशी उभ्या आहेत, एक दिवस चुकल्या नाहीत. एवढं तरी. बायको असती तर एव्हाना मुकादमाला कॅन तिथे कुणी उतरवला हे विचारून मोकळी झाली असती. मुक्याने तोंड मिटलं. लंब्या जमिनीकडे बघत होता.

"माझं चुकलं," सासू म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज असतो तसा, जरुरीपेक्षा मोठा. पलीकडच्या रानातल्या बायकांनीही मान वर करून बघितलं.

मुकादमाने मुक्याच्या पाठीवर हात ठेवला. मारायला नाही. पट्ट्याचा चाप सोडायला. पंप टोळीचा होता. मुक्याने आधी एक खांदा मोकळा केला, मग दुसरा. पाठ एकदम हलकी झाली आणि थंड वारा तिथे लागला. "तुझ्यावर राग नाही," मुकादम म्हणाला. "दुसरं माणूस बघ जोडीला. मिळालं की ये. तुझे हात चांगले आहेत."

घरी आल्यावर त्याने नवा सेल घातला. यंत्र मेलेलंच. त्याने दुसरा घातला. सासू त्याच्या हातांकडे बघत बसली होती.

"त्या दिवशी पहिला ड्रम भरेपर्यंतच चाललं," ती म्हणाली. "मग बंद पडलं. सांगितलं असतं तर मुकादमाने घरी पाठवलं असतं. तुमचा दिवस मोडला असता. म्हणून मान हलवली. कॅनबद्दल म्हणतोय एवढं दिसलं, वाटलं निळं घ्यायला सांगतोय. नंतरही तुम्हाला कळू दिलं नाही."

सकाळच्या गाडीने तो शहरात गेला. यंत्रवाल्याचं दुकान एका जिन्याखाली होतं, दोन खुर्च्या मावतील एवढं. यंत्रवाल्याने डोळ्याला भिंग लावलं आणि सेलचं दार उघडलं. मग त्याने आधीचा, ग्रीस लावलेला सेल मागितला. तो मुक्याच्या खिशात कागदात होता.

"हे कुणी केलं?"

"मी."

यंत्रवाला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने ग्रीस पुसलं आणि सुईने एक भोक मोकळं करून दाखवलं. हा सेल हवेवर चालतो, तो म्हणाला. ह्या भोकांतून हवा आत जाते, तेव्हा त्यात करंट तयार होतो. म्हणून वर चिकटपट्टी असते, हवा कोंडायला. पट्टी काढली की मिनिट-दोन मिनिटं बाहेर ठेवायचा, पोटभर हवा घेऊ द्यायची, मगच बसवायचा. "तुम्ही त्याचं नाकतोंड दाबलंत. आत होती तेवढ्या हवेवर तास-दीड तास चालला असेल."

मुक्याने सेलकडे बघितलं. त्याला तळहात दिसला. दाराकडे बघत बसलेली बायको दिसली. थांब जरा.

यंत्रवाला पुढे सांगत होता, की ग्रीस कडेने यंत्राच्या आत गेलंय, आवाज घ्यायच्या जाळीपर्यंत. कंपनीत पाठवावं लागेल. महिना तरी जाईल, आणि परत आलं तरी चालेलच असं नाही. मग त्याला काहीतरी आठवलं. "हे यंत्र घेऊन त्या बाई यायच्या ना? त्यांना मी हे सगळं समजावलं होतं. चांगल्या चौकस होत्या. दर वेळी काहीतरी नवीन विचारायच्या. बऱ्या आहेत ना?"

"हो," मुक्या म्हणाला.

तो परत आला तेव्हा घरात मेहुणा बसला होता. मुकादमाचा फोन गेला होता. सासूची पेटी बांधून दाराशी ठेवलेली होती. पेटी एवढी लहान होती की चार वर्षं राहिलेल्या माणसाची वाटत नव्हती.

मुक्याने सासूसमोर बसून खिशातली डबी काढली. सेल काढला. भोकं दाखवली, डबी दाखवली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. सासूने दोन्ही हातांनी त्याचा हात डबीसकट मिटवला. "राहू द्या आता, बापू. किती खटपट कराल. कानच माझे फुटके, तुम्ही काय करणार." त्याने पुन्हा छातीवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "हो, जपा स्वतःला. वेळेवर खात जा." मुलीचे ओठ तिला वाचता यायचे. जावयाचे ओठ वाचायची वेळच कधी आली नव्हती. एक तर ते हलायचे नाहीत, आणि वर मिशा.

मेहुणा बघत होता. मुक्याने त्याला सांगितलं. तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. भोकं, हवा, ग्रीस. तिचं काही चुकलं नव्हतं, हे तिला सांग.

मेहुण्याने दार ओढून घेतलं. "दाजी, तिला सांगायचं म्हणजे कानाशी ओरडावं लागतं. भोकं, हवा, काय काय ओरडू? सगळ्या गल्लीला कळेल. उद्या मुकादम तुम्हाला उभं करील का? सगळ्यांच्या पंपात तुमचंच ग्रीस आहे." तो वाईट माणूस नव्हता. तो खरंच मुक्याचा विचार करत होता. "आणि तिला कळून काय होणार आहे? जिना तर चढायचाच आहे तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप चौकात उभी राहिली. तिथेच टोळीचा टेम्पो उभा असतो. टोळी टेम्पोत चढत होती, पंप वर देत होती. सासू जीपमध्ये मागच्या बाजूला बसली, पेटी मांडीवर. काही बायका तिला भेटून गेल्या. एकीने दुसरीला म्हटलं, बिचारीने जावयाचं काम घालवलं आणि घरही. हळू म्हटलं नव्हतं. हळू म्हणायची गरज नव्हती.

ड्रायव्हरने जीप सुरू केली.

मुक्या जीपच्या मागच्या दाराशी गेला. लोखंडी दांडी त्याने दोन्ही हातांनी धरली. आत सासू त्याच्याकडे बघत होती, तशीच, बोलायची वाट बघत. मेहुण्याने नको म्हणून मान हलवली.

"मामी," मुक्या ओरडला. त्याचा आवाज फाटला. त्याने पुन्हा जोर केला. "मामी, तुमचं चुकलं नाही. सेल मी बुजवला. ग्रीस लावून मी बुजवला. तुमचं यंत्र मी बंद पाडलं."

टेम्पोतलं बोलणं थांबलं. पंप वर देणारे हात तसेच राहिले. मुकादम वळून बघत होता. चौकातल्या प्रत्येक माणसाने प्रत्येक शब्द ऐकला. दुकानदार पायरीवर आला.

"रान तुम्ही नाही जाळलं. मी जाळलं," मुक्या ओरडला.

सासू त्याच्या तोंडाकडे बघत होती. भुवया थोड्या वर गेलेल्या, ओठ त्याच्या ओठांबरोबर किंचित हलत होते. मग तिने मान हलवली. हात जरासा वर केला.

"हो, हो," ती म्हणाली. "कळलं."

जीप निघाली तेव्हा त्याने दांडी सोडली. ती धुक्यात जाईपर्यंत सासू मान हलवत होती.

मुक्या वळला. टेम्पोच्या फळीवर लंब्याने आपला पंप आडवा घातला होता. त्याने तळाचं झाकण उघडलं, बॅटरीच्या पात्यावरून अंगठा फिरवला, काळा झालेला अंगठा बघितला आणि चिंधीने पातं पुसायला लागला. मग शेजारच्याने आपला पंप उघडला. मग तिसऱ्याने. चिंधी ह्या हातातून त्या हातात जात होती.

पंपातलं ग्रीस बरोबर होतं. पंपाच्या बॅटरीला हवा लागत नाही. पुसलं तर दोन दिवसांत पाती पुन्हा हिरवी पडतील आणि सरीच्या मध्यावर पंप गप्प होतील. हे सांगायला हवं होतं. तीन वाक्यांचं काम होतं, आणि एकदा तो ती बोललाही होता.

तो तिथेच उभा राहिला. टेम्पो सुरू झाला, आणि जाताना कुणीतरी ती काळी झालेली चिंधी खाली टाकली.